सरस्वतीने वाचलेलं शेवटचं प्रकरण

नरसिंहरावांना त्या दिवशी फार काही करायचं नव्हतं. एका पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचायचं होतं, बस्. अक्का उठायच्या आत मागल्या अंगणातल्या पायरीवर बसून ते वाचून टाकावं आणि मग चेहरा शक्य तितका रोजच्यासारखा ठेवून कॉफी प्यावी, एवढाच बेत. माणसाने याहून लहान बेत करायचा तरी कसा? पण तमिळ मुलखातल्या कुंभकोणात पन्नास वर्षं काढल्यावर नरसिंहरावांना एवढं कळून चुकलं होतं, की बेत जितका लहान, तितकी त्यात येऊन पडणारी माणसं जास्त.

त्यांनी उशीखाली हात घातला. पुस्तक नव्हतं. उशी उचलली, चादर झटकली, खाटेखाली वाकून पाहिलं. मग कपाटाकडे नजर गेली आणि ते मटकन खाली बसले. कपाट रिकामं होतं. एकूण एक पुस्तक गेलं होतं.

"अक्का!" त्यांनी हाक मारली. घरात चोर शिरला असता तरी ती इतकी कापरी आली नसती.

अंबुजाअक्का, म्हणजे त्यांची थोरली बहीण, देवघरात चंदन उगाळत होती. ती घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाली, "ओरडतोस कां? इकडे अहेत सगळीं. आज सरस्वतीपूजा. विसरलास की?"

विसरले होते. टाइपरायटिंगचे वर्ग चालवणारा माणूस, ज्याच्या खालच्या खोलीतल्या सगळ्या टाइपरायटरांना अक्काने आदल्या संध्याकाळीच कुंकू लावून ठेवलं होतं, तो हे विसरला होता. नवरात्राच्या नवव्या दिवशी घरातली झाडून सारी पुस्तकं देवीपुढे रचायची, त्यांवर रेशमी वस्त्र घालायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत एक अक्षरही वाचायचं नाही. गल्लीत अशीही माणसं होती जी त्या दिवशी बसचं तिकीट न बघता खिशात टाकत. विजयादशमीला मग ज्याने त्याने आपलं पुस्तक उचलून देवीसमोर चार ओळी मोठ्याने वाचायच्या, म्हणजे विद्या वर्षभर घर सोडत नाही.

"एक पुस्तक पायजे होतं," नरसिंहराव म्हणाले. "थोडंच राहिलंय."

"आज ती वाचते," अक्काने देवीच्या तसबिरीकडे मान वळवली. "वर्षभर तूंच वाचतोस. तिज एक दिवस वाचूं दे."

ढिगाऱ्याच्या अगदी वर, भागवताच्याही वर, ते पुस्तक होतं. कव्हरावर सांगाड्याचा हात आणि हातात मेणबत्ती. अक्काने त्या हाताच्या तळव्यावर नीट मध्यभागी कुंकवाचं बोट लावलं होतं. तू हल्ली तेंच उशाशी घेऊन निजतोस, तेव्हा त्याचा मान पहिला, असा तिचा हिशेब.

आता त्या हाताविषयी सांगितलं पाहिजे. नरसिंहरावांना जुन्या इंग्रजी भयकथांचं वेड होतं आणि ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. पडके किल्ले, धुक्यातल्या घोडागाड्या, आपोआप वाजणाऱ्या घंटा. पानं पिवळी पडलेली, शिवण सुटलेली, मद्रासच्या जुन्या बाजारातून आलेली पुस्तकं. नव्या भयकथा त्यांना आवडत नसत. नवं भूत फार घाई करतं, आल्या आल्या गळा धरतं. जुन्या भुताला रीतभात असते, ते आधी दार वाजवतं, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ऐकून घेणारं माणूस गल्लीत एकही नव्हतं.

पण त्यांचं आणखी एक वेड होतं आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. पुरुषांवर जीव लावलेल्या पुरुषांनी, बायकांवर जीव लावलेल्या बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आपल्या आयुष्याच्या हकिगती. अशी पुस्तकं मिळायची तीच मुळात मारामारीने. वीस वर्षांत जी काय जमली ती एका पिशवीत मावली असती. ती नरसिंहरावांनी भयकथांच्या कव्हरांत घालून ठेवली होती. या घरात भुताचं पुस्तक कुणी उघडणार नाही याची खात्री. भुतांनी वीस वर्षं इमानाने पहारा केला होता.

हे पुस्तक दोन महिन्यांपूर्वी लॉरीच्या पार्सलने आलं. पार्सल ऑफिसातल्या कारकुनाने विचारलं, आत काय? पुस्तकं. कसली? धार्मिक, शालेय की इतर? इतर. इतर म्हणजे काय ते तोंडी सांगावं लागेल. नरसिंहराव घाबरून तमिळमध्ये म्हणाले, "पेय कदै." भुताच्या गोष्टी. कारकुनाने पार्सलावरचा हात काढला आणि आतून वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठाने पंचांग पाहून सांगितलं, की आज मंगळवार आहे, असला माल मंगळवारी बाहेर काढला तर जबाबदारी कुणाची? परवा या. परवा गेले तर पार्सलाला लिंबू बांधलेलं होतं. त्या दिवसापासून गल्लीत दूध नासलं, वीज गेली, कुणाच्या घरी पाल पडली की माणसं प्रथम नरसिंहरावांच्या माडीकडे बघत. ते एकदोनदा खुलासा करायला गेले, मग त्यांनी तोही सोडून दिला. माणूस दमतो.

कव्हराच्या आतलं पुस्तक होतं इंग्लंडातल्या एका पियानो दुरुस्त करणाऱ्या माणसाचं. समुद्रकाठच्या लहान गावात तो आपल्या बहिणीबरोबर, एडिथबरोबर, राहत असे. दर रविवारी त्याचा मित्र चहाला येई. बहीण चहा करी, तिघं बसत, मित्र उठून जाई. असं कितीतरी वर्षं. मग मित्राला दूरच्या गावी जायची वेळ येते आणि हा ठरवतो की एडिथला सारं सांगायचं. ती स्वयंपाकघरात आहे, हा दारात उभा राहतो, तोंड उघडतो, आणि तिथे शेवटून दुसरं प्रकरण संपतं.

हे वाचून नरसिंहरावांनी पुस्तक मिटलं होतं, कारण पुढे वाचायचा धीर झाला नाही. त्यांच्याकडेही दर रविवारी कुणीतरी येत असे. चंद्रमौली. दारासुरममध्ये रेशमाच्या सुताचा व्यापारी, गोलसर, हसरा, गोडघाशा. टाउन बसने यायचा, ओट्यावर बसायचा, नरसिंहराव वाचून दाखवत ते ऐकायचा. नरसिंहरावांचं त्याच्यावर प्रेम होतं. यात आता वाद राहिला नव्हता, इतकी वर्षं झाली होती. पण उन्हाळ्यात चंद्रमौलीची आई गेली, घर रिकामं झालं, आणि कोइमतूरचा पुतण्या म्हणू लागला की काका, आमच्याकडे चला. विजयादशमीच्या संध्याकाळी पुतण्या उत्तर न्यायला येणार होता.

"मी इथे माडीवर राहिलों तर?" चंद्रमौलीने विचारलं होतं. "पण अक्कांस चोरून मी राहणार नाहीं. त्यांस सांग आधी."

"सांगतों. एवढं पुस्तक होऊं दे. तो कसा सांगतो, ती काय म्हणते, पाहतों."

"कोण कुठला पियानोवाला," चंद्रमौली म्हणाला, "आणि माझं बिऱ्हाड त्याच्यावर अडून बसलंय."

तेव्हा असं होतं ते. नरसिंहरावांना त्या दिवशी ते प्रकरण वाचायलाच हवं होतं आणि ते प्रकरण साक्षात सरस्वती वाचत बसली होती.

पूजा आटोपते न आटोपते तोच शेजारचे जयतीर्थअण्णा आले. अण्णा निवृत्त होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना अजिबात फुरसत नव्हती. मागोमाग समोरच्या अलमेलुमामी तबकात हरभऱ्याचं सुंडल घेऊन आल्या. अण्णांनी नमस्कारासाठी हात जोडले आणि ते तसेच हवेत राहिले.

"हा हात कुणाचा?"

"त्याचं पुस्तक अहे," अक्का म्हणाली.

"सरस्वतीसमोर भूत मांडलंस? भागवताच्या डोक्यावर?"

"म्हणूनच काल आमचा करंट गेला," मामी तमिळमध्ये म्हणाल्या. करंट साऱ्या कुंभकोणाचा गेला होता, पण हे कोण सांगणार?

नरसिंहरावांना आशेचा किरण दिसला. ते एकदम अण्णांच्या बाजूचे झाले. "अण्णा म्हणतात तें खरं. अपचार झाला. मीच उचलतों, बाहेर नेतों, मागल्या पायरीवर ठेवतों." ते पुढेही सरसावले.

"हात नको लावूं!" अण्णा गरजले. "पूजेस बसलेलं पुस्तक उद्यापर्यंत उचलायचं नाहीं. विद्या उठून जाईल."

"मग राहूं द्या तसंच," अक्का म्हणाली.

"तसंच कसं? तो हात तिच्याकडे बघतोय."

हात बघत नसतात, हे नरसिंहरावांच्या ओठांवर आलं होतं, पण अण्णांशी वाद घालणं म्हणजे दुपारचं जेवण विसरणं. बराच खल झाला. शेवटी अण्णांनीच शास्त्रातून वाट काढली. पालथं घालणं म्हणजे उचलणं नव्हे. त्यांनी दोन बोटांनी, श्वास रोखून, पुस्तक जागच्या जागी पालथं केलं. सांगाड्याचा हात खाली भागवतावर गेला आणि पुस्तकाची पाठ, म्हणजे ते शेवटचं प्रकरण, वर आली. मग अक्काने साऱ्या ढिगावर रेशमी वस्त्र घातलं.

एवढ्यावर थांबले असते तर अण्णा कसले? दोषाचं निवारण म्हणून त्यांनी कापूर पेटवला. कापूर चांगला मोठा घेतला, कारण भूत विलायती. आरती फिरवता फिरवता मामींनी सुचवलं की तीनदा उलटीही फिरवा. अण्णा उलटी फिरवायला लागले, मनगट आखडलं, आणि जळती वडी टपकन रेशमी वस्त्रावर पडली.

वस्त्र पेटलं. फार नाही, तळहाताएवढं. पण मामी मोठ्या चपळ. हाताशी नैवेद्याच्या पानकाचा तांब्या होता, गूळ, सुंठ, वेलदोडा घातलेला. तो त्यांनी पुरा ओतला. आग विझली. रामायणाला धक्का लागला नाही, भागवताला शिंतोडा उडाला नाही, अक्काचं स्वयंपाकाचं पुस्तकसुद्धा वाचलं. सगळं पानक एकाच पुस्तकाने प्यालं.

"पाहिलंत?" अण्णा हाश्शहुश्श करत म्हणाले. "बरोबर त्याच्यावरच पडला. देवीस कळतं."

नरसिंहराव भिंतीला टेकून उभे राहिले. आत किती जळलं, किती भिजलं, हे उद्यापर्यंत बघायचीसुद्धा चोरी होती. दुपारी ते उगीच देवघरापाशी येऊन बसले. तेव्हा त्यांना उंबऱ्यावरून निघालेली मुंग्यांची रांग दिसली. रांग पाट चढली, रामायणाला वळसा घालून भागवताच्या कडेने वर गेली आणि वस्त्राच्या जळक्या भोकातून आत शिरली. मुंग्यांना त्या दिवशी वाचायला बंदी नव्हती.

"अक्का, मुंग्या."

"असूं देत. आज कुणास घालवायचं नाहीं," अक्का म्हणाली आणि ओटीवर जाऊन पडली.

विजयादशमीला सकाळी सगळे पुन्हा हजर. खरं तर अण्णांचं वाचन त्यांच्याच घरी व्हायचं, पण विलायती भूत बाहेर कसं पडतं हे पाहायला ते आपलं पुस्तक इकडेच घेऊन आले होते. मामी आल्या होत्या. चंद्रमौलीही पहिल्या बसने आला होता आणि कोपऱ्यात, खांबाला टेकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने नरसिंहरावांकडे भुवया उंचावून पाहिलं. नरसिंहरावांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. चंद्रमौलीने डोळे मिटून घेतले.

पूजा झाली, वस्त्र निघालं. नरसिंहरावांनी पुस्तक हातात घेतलं आणि मागून उघडायला गेले. उघडेना. शेवटचं प्रकरण म्हणजे गुळाची एक काळपट वडी झाली होती आणि तिच्यात मुंग्या ये-जा करत होत्या. नखाने एक पान सोडवायला गेले तर तुकडा निघाला. त्यावर एकच शब्द उरला होता, 'एडिथ'.

त्यांना रडू यायचं तेवढं राहिलं. अख्ख्या आयुष्यात एका गोष्टीचा शेवट खरोखर हवा होता, तर तोच मुंग्यांनी न्यावा?

"वाच आता," अण्णा म्हणाले. "मोठ्याने वाच. वाचल्याशिवाय तें बाहेर पडायचं नाहीं. आणि मराठींत सांग, आम्हांसही कळूं दे."

"चार ओळी," नरसिंहराव थकून म्हणाले. पहिलं पान शाबूत होतं. ते वाचून मराठीत सांगू लागले. "एक माणूस होता. समुद्राकाठी राहायचा. तो आणि त्याची बहीण. लग्न केलं नव्हतं. दर रविवारी तो येई—"

"तो कोण?" मामींनी विचारलं. मामी मराठी बोलत नसत, पण तीस वर्षं समोर राहून त्यांना नको तेवढं कळत असे.

सगळे बघत होते. कव्हरावरचा हातही बघत होता.

"भूत," ते म्हणाले.

"आं!" मामी सरसावून बसल्या. चार ओळींवर आता कुणी सोडणार नव्हतं.

मग नरसिंहरावांनी सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. भूत दर रविवारी येई, ओट्यावर बसे. दिसायला चारचौघांसारखं. बहिणीला वाटे, भावाचा मित्र आहे. ती त्याला कॉफी देई.

"भूत कॉफी पितें?" अण्णांनी विचारलं.

"पितें," नरसिंहराव म्हणाले, आणि एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. चंद्रमौली एकटक पाहत होता. गोष्ट फारच ओळखीची होत चालली होती. घाईने ते म्हणाले, "पण बिनसाखरेची. साखर त्यास चालतच नाहीं."

चंद्रमौलीने दुखावून मान खाली घातली.

"त्या माणसास घेऊन पट्टीश्वरमला दुर्गेकडे जायला पायजे होतं," अण्णा म्हणाले. "नऊ आठवडे लिंबाचा दिवा."

"त्याचं लग्न लावून द्यायचं," मामी म्हणाल्या. "बायको आली की भूत पळतं. माझ्या चुलत दिराचं पळालं."

"त्रास देत होतें कां तें?" हे अक्काने विचारलं.

"नाहीं," नरसिंहराव म्हणाले. "उलट, रविवार आला की त्यास बरं वाटे. आठवडाभर तो त्या रविवारासाठीच राहत असे. पण बहिणीस सांगितलं नव्हतं कधीं. वाटे, ती भिईल, घर सोडून जाईल. मग एक दिवस त्या भुतास दूर जायची पाळी आली. तेव्हा हा म्हणाला, आता सांगतों. ती चुलीपाशी होती. हा दारांत उभा राहिला."

"मग?" अण्णा.

"मग?" मामी.

"मग पानक," नरसिंहराव म्हणाले आणि त्यांनी ती गुळाची वडी सर्वांना दाखवली.

एकच गिल्ला झाला. असं कसं अर्धवट ठेवतोस? म्हणजे भूत आतच राहिलं की! मामी म्हणाल्या, बहीण किंचाळून मेली असणार आणि तिचंही भूत झालं असणार. अण्णांचं म्हणणं, बहिणीने मांत्रिक आणला. यावरून दोघांचं जुंपलं. कापूर कुणी पाडला आणि पानक कुणी ओतलं तेही निघालं. शेवटी दाराला लिंबू आणि मिरच्या बांधायला सांगून, सुंडलाचे द्रोण घेऊन, दोघं भांडतच ओट्याच्या पायऱ्या उतरले. अण्णा आपलं पुस्तक वाचायचं विसरले ते विसरलेच.

चंद्रमौली उठून ओट्यावर जाऊन बसला. बस यायला वेळ होता.

नरसिंहराव देवघरातच राहिले. फार थकल्यासारखं वाटत होतं. अक्का ओल्या फडक्याने पाटावरच्या मुंग्या हळूच गोळा करत होती. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने नरसिंहराव तिच्या मागे गेले आणि दारात उभे राहिले. आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"नरसू," अक्का पाठमोरीच म्हणाली, "ती बहीण काय म्हणाली?"

"कळायचं नाहीं आता. पानच राहिलं नाहीं."

"तिज ठाऊक नव्हतं असं लिहिलंय?"

"त्यास तसं वाटत होतं."

"एका घरांत राहून?" अक्काने दुधाचं भांडं उतरवलं. "वेडा दिसतो तो."

नरसिंहरावांनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत हजार वेळा मनात जुळवलेलं वाक्य होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"माडीवरचीं तुझीं मोडकीं टाइपरायटरं काढून घे," अक्का म्हणाली. "खोली झाडायला झाली. संध्याकाळीं त्याचा पुतण्या येणार म्हणतोस, त्यास मीच सांगतें. कोइमतूरचं उदक काकास मानवायचं नाहीं म्हणून."

"अक्का, तुज..." त्यांचे डोळे भरून आले. "लोक काय म्हणतील?"

"भूत अहे म्हणतील. आतांच म्हणतात." तिने दोन पितळी पेल्यांत कॉफी ओतली, वरून धार धरून, फेस येईल अशी. मग साखरेचा डबा पुढे ओढला. "आणि तुझ्या पुस्तकांत एक चूक अहे. बिनसाखरेची म्हणालास. वीस वर्षं कॉफी मी देतें की ती एडिथ? दोन चमचे घेतो तो. ने, निवेल."

नरसिंहराव पेले घेऊन बाहेर आले. थोडी कॉफी ओट्यावर सांडली आणि एक मुंगी लगेच तिकडे वळली. चंद्रमौली गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसला होता.

"शेवट लागला कां?" त्याने मान न वळवता विचारलं.

नरसिंहराव त्याच्या शेजारी टेकले आणि त्यांनी पेला त्याच्या हातात दिला.

"पी आधी," ते म्हणाले. "अक्काने दोन चमचे घातलेत."